च कुठे बसलाय ते आधी बघा

मुद्रितशोधनात माझी बत्तीस वर्षं गेली. तत्त्वज्ञान, धर्म, समाजशास्त्र अशी वाचक कमी आणि तळटिपा जास्त असलेली पुस्तकं बहुतेक माझ्याच टेबलावर यायची. दुसऱ्या कुणाला ती नको असायची, आणि मला त्यांची गोडी लागत गेली. त्यातून वाचायची एक रीत हाताला बसली. ती कुणी शिकवली नाही, एका चुकीतून आली. आधी ती चूक सांगते.

कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका निबंधाच्या प्रुफात एकाच पानावर ‘स्वातंत्र्य’ हा शब्द अकरा वेळा आला होता. कानाला फार खटकत होता. मी आपली शहाणपणाने त्यातले चार बदलले. कुठे ‘मोकळीक’ घातलं, कुठे ‘मुक्तता’, कुठे ‘स्वायत्तता’. पान वाचायला छान झालं. लेखकाकडून प्रूफ परत आलं तेव्हा अकराच्या अकरा शब्द पुन्हा जागेवर होते, प्रत्येकाखाली ठिपक्यांची रांग, म्हणजे ‘राहू द्या’ची खूण. आणि समासात लिहिलं होतं : ‘बाई, शब्द कंटाळवाणा झालाय हे मलाही दिसतं. पण तो एकच आहे, एवढंच तर मला म्हणायचंय.’

निबंध पुन्हा वाचला. राज्यकर्त्यांकडे मागितलेलं स्वातंत्र्य आणि स्वतःच्या वासनांपासून मिळवलेलं स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असं त्या माणसाचं म्हणणं होतं. ते पटो न पटो, सगळा डोलारा त्या एका शब्दावर उभा होता, आणि मी त्याचे चार शब्द करून ठेवले होते. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती पानात. फक्त युक्तिवाद मेला होता.

तेव्हापासून असलं काही वाचायचं तर हातात पेन्सिल लागते. पेनने करू नका. पहिल्या फेरीतल्या निम्म्या खुणा दुसऱ्या फेरीत खोडाव्या लागतात.

खुणा कशावर करायच्या ते एका उताऱ्यावर दाखवते. उतारा माझाच आहे, पण या तऱ्हेची वाक्यं मी इतक्या वेळा तपासली आहेत की तो कुणाचाही असू शकेल :

‘माणूस स्वभावतःच धार्मिक आहे. श्रद्धेशिवाय कुणीही जगू शकत नाही. शास्त्रज्ञसुद्धा निसर्गनियमांवर श्रद्धाच ठेवत असतो. म्हणून आपण आपली श्रद्धा सोडता कामा नये.’

वाचताना मान डोलते. ज्यांची डोलत नाही त्यांच्या कपाळाला आठी पडते. दोन्ही थांबवा. पटतंय की नाही हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्यायचा.

भार कुठल्या शब्दावर आहे

पहिली खूण गोल. ज्या नामावर सगळा भार आहे ते नाम जिथे जिथे येईल तिथे त्याभोवती गोल करा आणि समासात प्रत्येक वेळचा अर्थ साध्या शब्दांत लिहा. अर्थ कोशातला नको, त्या वाक्यातला हवा.

वरच्या उताऱ्यात ‘श्रद्धा’ तीनदा आलीय. दुसऱ्या वाक्यात तिचा अर्थ ‘काहीतरी गृहीत धरून चालणं’ असा आहे. उद्या सूर्य उगवेल, पायाखालची जमीन धरून ठेवेल, अशी श्रद्धा. तिसऱ्या वाक्यात अर्थ ‘आजवर खरं ठरलंय, चुकीचं निघेपर्यंत त्यावर विसंबू’ असा झाला. चौथ्यात ‘आपली श्रद्धा’ म्हणजे एका विशिष्ट धर्माच्या शिकवणी. शब्द तोच, माल तीनदा बदलला. माझ्या त्या लेखकाने एक शब्द एकाच अर्थाने अकरा वेळा वापरला होता आणि कुठे अर्थ सरकू दिला नव्हता. इथे उलट आहे.

आपल्याकडच्या न्यायशास्त्राने, म्हणजे जुन्या तर्कशास्त्राने, या चलाखीला ‘छल’ असं नावच दिलंय. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. कुणी म्हणतो, ‘नवकम्बलोऽयं माणवकः’, म्हणजे या मुलाची कांबळ नवी आहे. समोरचा ‘नव’चा अर्थ नऊ असा घेतो आणि म्हणतो, कुठायत नऊ, एकच तर दिसतेय! हा झाला वाक्छल. उदाहरण बालिश वाटतं, कारण कांबळ डोळ्यांनी दिसते. श्रद्धा, निसर्ग, संस्कृती, प्रगती, आत्मा यांतलं काही दिसत नाही, त्यामुळे ‘नऊ’ आणि ‘नवा’ यांची अदलाबदल दहा पानं चालली तरी कळत नाही. फसवणारा मुद्दाम फसवतो असंही नाही. बहुतेक वेळा तो स्वतःच पहिला फसलेला असतो.

समासात अर्थ लिहून झाले की गोल केलेला शब्द काढून त्या जागी समासातला मजकूर घाला आणि उतारा पुन्हा वाचा : ‘काहीतरी गृहीत धरल्याशिवाय कुणी जगू शकत नाही. शास्त्रज्ञही आजवर खऱ्या ठरलेल्या नियमांवर विसंबतो. म्हणून आपण आपल्या धर्माच्या शिकवणी सोडता कामा नये.’ आता मान डोलत नाही.

इथे एक सावधगिरी. अर्थ सरकला म्हणजे लेखक लबाड, असं लगेच धरू नका. काही शब्दांना एकच एक गाभा नसतो. विट्गेन्श्टाइन या तत्त्वज्ञाने ‘खेळ’ हा शब्द घेऊन विचारलं होतं, पत्ते, चेंडूचे खेळ, एकट्याने भिंतीवर चेंडू मारत बसणं, या सगळ्यांत समान असं काय आहे? त्याला समान धागा सापडला नाही, एका घरातल्या माणसांचे चेहरे एकमेकांशी जुळावेत तसं साम्य दिसलं. ‘धर्म’ हा शब्दही असाच असू शकतो. मग अर्थ सरकण्याला हरकत नाही. हरकत एवढीच, की एका अर्थाने मिळवलेली कबुली दुसऱ्या अर्थाच्या खात्यावर जमा करू नये.

च

आता माझी आवडती खूण. मराठीतल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात दांडग्या शब्दावर, ‘च’वर, बाण काढा. प्रुफात तो सारखा निसटतो, नको तिथे चिकटतो, आणि वाक्याचा अर्थ त्याच्यामागे फरफटत जातो.

पहिलं वाक्य घ्या, नि च एकेक घर पुढे सरकवा.

‘माणूसच स्वभावतः धार्मिक आहे.’ म्हणजे इतर प्राणी नाहीत. हे खोडायला प्राण्यांकडे पाहावं लागेल.

‘माणूस स्वभावतःच धार्मिक आहे.’ म्हणजे शिकवणीने नव्हे, परंपरेने नव्हे. हे खोडायला मुलं कशी वाढतात ते पाहावं लागेल.

‘माणूस स्वभावतः धार्मिकच आहे.’ म्हणजे अधार्मिक माणूस सापडायचा नाही. एक सापडला की वाक्य पडलं.

‘माणूस स्वभावतः धार्मिक आहेच.’ इथे तर पुरावा मागायचीही सोय नाही. बोलणारा कुठल्या तरी जुन्या भांडणाला उत्तर देतोय.

चार वाक्यं, चार वेगळे दावे, आणि प्रत्येकाची शहानिशा करायची जागा वेगळी. माझ्या अनुभवात धर्मावरचे निम्मे वाद असे असतात, की एकजण दुसऱ्या वाक्याची बाजू घेऊन बोलतोय आणि दुसरा तिसरं वाक्य खोडतोय.

हे मला सुचलंय असं मुळीच नाही. सातव्या शतकाच्या आसपास धर्मकीर्ती नावाच्या बौद्ध तर्कशास्त्र्याने संस्कृतातल्या ‘एव’चा असाच पिच्छा पुरवला होता. त्याने तीन जागा दाखवल्या. ‘चैत्रो धनुर्धर एव’, चैत्र धनुर्धरच आहे : इथे एव फक्त एवढं सांगतो की चैत्राकडे धनुर्विद्या नाही असं नाही. इतरही धनुर्धर असोत बापडे. ‘पार्थ एव धनुर्धरः’, पार्थच धनुर्धर आहे : इथे बाकी सगळे बाद. आणि ‘नीलं सरोजं भवत्येव’, निळं कमळ असतंच : इथे दावा सगळ्यात नम्र. सगळी कमळं निळी, असं नाही. कमळ निळं असणं अशक्य नाही, इतकंच. पहिल्याला त्याने अयोगव्यवच्छेद म्हटलं, दुसऱ्याला अन्ययोगव्यवच्छेद, तिसऱ्याला अत्यंतायोगव्यवच्छेद. नावं विसरलात तरी चालेल. ‘हा च नेमकं कुणाला बाहेर काढतोय?’ हा प्रश्न विसरू नका.

धर्मकीर्तीने एवढा खटाटोप व्याकरणाच्या हौसेने केला नव्हता. हेतू (पुरावा म्हणून दाखवलेली खूण) खरा की खोटा, म्हणजे त्यावरून साध्य (जे सिद्ध करायचं ते) कळतं की नाही, हे ठरवताना ‘जिथे साध्य आहे तिथेच हेतू असावा’ आणि ‘जिथे साध्य आहे तिथे हेतू असावाच’ यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. धूर जिथे आग आहे तिथेच असतो. पण जिथे आग आहे तिथे धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा हे नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण. आग आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. च एका शब्दाने हलला की धुरावरून आग ओळखणारा माणूस आगीवरून धूर ओळखायला लागतो.

च सारखेच आणखी काही : ‘शेवटी’, ‘अर्थात’, ‘मुळात’, ‘खऱ्या अर्थाने’, ‘केवळ’. ‘केवळ’ आला की ‘कशाच्या ऐवजी?’ असं समासात लिहा. ‘धर्म म्हणजे केवळ भीती’, ‘विचार म्हणजे केवळ मेंदूतली रसायनं’, असली वाक्यं केवळवर जगतात. ‘केवळ’ काढा, वाक्य खरं होतं आणि कुणालाच त्रास देत नाही. ‘खऱ्या अर्थाने’ आला की मी आणखी सावध होते. ‘खऱ्या अर्थाने धार्मिक माणूस हिंसा करत नाही.’ कितीही हिंसक धार्मिक माणसं समोर उभी करा, ती खऱ्या अर्थाने धार्मिक नव्हतीच, हे उत्तर तयार.

म्हणून

तिसरी खूण दुहेरी रेघ, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘त्याअर्थी’, ‘सबब’ यांच्याखाली. मराठीतला ‘म्हणून’ मोठा मोघम आहे. ‘पाऊस आला म्हणून थांबले’ यात तो कारण सांगतो. ‘धूर आहे म्हणून आग आहे’ यात पुरावा सांगतो. धुराने आग लागत नाही. ‘राम म्हणून एक मुलगा होता’ यात तो नुसतं नाव सांगतो. शिवाय ‘म्हणे’ हा त्याचा भाऊ ऐकीव माहितीवर शिक्का मारतो. ‘ते म्हणे नास्तिक आहेत’ म्हणताना जबाबदारी आपली राहत नाही. ही सोय आपल्या भाषेने दिलीय खरी, पण गंभीर लेखनात लेखक तो ‘म्हणे’ गाळतात आणि ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी लिहितात. गाळलेला ‘म्हणे’ परत घालून बघा.

‘म्हणून’ची कसोटी लावायला मला न्यायशास्त्राचा पाच पायऱ्यांचा जिना सोपा वाटतो : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघर. हा डोंगर तसाच धुराचा आहे. म्हणून डोंगरावर आग आहे. लोक याला फापटपसारा म्हणतात, पण मधली तिसरी पायरी सोन्याची आहे. ती नियम मागते आणि सोबत एक जिवंत उदाहरणही मागते. हवेत बोलायची सोय नाही.

आपला उतारा या जिन्यावर चढवू. प्रतिज्ञा : आपण श्रद्धा सोडू नये. हेतू : कारण तिच्याशिवाय जगता येत नाही. उदाहरण : ज्याच्याशिवाय जगता येत नाही ते सोडू नये, जसा श्वास.

इथे थांबा. श्वास सोडू नका असं कुणी कुणाला बजावतं का? श्वास थांबवतो म्हटलं तरी थोड्या वेळाने शरीर आपोआप घेतंच. जे सुटूच शकत नाही ते सोडू नका म्हणून सांगावं लागत नाही. आणि सांगावं लागतंय, म्हणजे ते सुटू शकतं, म्हणजे त्याच्याशिवाय जगता येतं. हेतू खरा असेल तर प्रतिज्ञा निरुपयोगी, प्रतिज्ञेला काही अर्थ असेल तर हेतू खोटा. मला हे दिसलं ते फक्त उदाहरणाच्या रकान्यात ‘श्वास’ लिहावा लागला म्हणून.

आहे आणि पाहिजे

एक उडी वेगळी दाखवायला हवी, कारण ती सगळ्यांत जास्त वेळा मारली जाते. उतारा ‘आहे’ने सुरू झाला आणि ‘कामा नये’ने संपला. मधे पूल कुठे आहे? तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने ‘ट्रीटिज ऑफ ह्यूमन नेचर’ या ग्रंथाच्या १७४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भागात हेच टिपून ठेवलंय. नीतीवर लिहिणारे बराच वेळ ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हणत राहतात आणि मग नकळत ‘असावं’ आणि ‘नसावं’ सुरू होतं, हा बदल बारीक आहे पण सगळं त्यावर आहे, असं त्याचं निरीक्षण.

आहेकडून पाहिजेकडे जाताच येत नाही असं मी म्हणत नाही. जाणारे जातात, काहींचे पूल भक्कमही असतात. पण पूल दाखवा म्हणायचं. म्हणून मी ‘आहे’, ‘असतं’ यांच्याखाली एक ठिपका देते आणि ‘पाहिजे’, ‘नये’, ‘कर्तव्य’ यांच्याखाली फुली. पहिली फुली कुठे पडली ते वाक्य पुन्हा वाचते.

कधी कधी ही उडी एका प्रत्ययात दडलेली असते. जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ मध्ये असं मांडलं, की एखादी गोष्ट दिसण्याजोगी आहे याचा पुरावा म्हणजे ती लोकांना दिसते. तसंच एखादी गोष्ट इच्छिण्याजोगी आहे याचा पुरावा म्हणजे लोक ती इच्छितात. १९०३ मध्ये जी. ई. मूरने त्याला पकडलं : दिसण्याजोगं म्हणजे दिसू शकणारं, पण इच्छिण्याजोगं म्हणजे इच्छावं असं. मिलची बाजू घेणारे आजही आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण इंग्रजीतल्या ‘व्हिजिबल’, ‘डिझायरेबल’मधल्या ‘बल’वर हसू नका, आपलं घरही काचेचं आहे. ‘दृश्य’ म्हणजे दिसू शकणारं, ‘पूज्य’ म्हणजे पूजावं असं. ‘वाचनीय’ पुस्तक म्हणजे वाचता येण्याजोगं नव्हे, वाचावं असं. तोच ‘य’, तोच ‘नीय’. ‘माननीय’ शब्द आला की लोक मान देतात म्हणून की द्यायला हवा म्हणून, हे विचारून बघा एखाद्या सभेत. (मी विचारलं होतं. पुन्हा बोलावलं नाही.)

आपण कोण?

समाजावरचं लिखाण असेल तर सर्वनामांकडे चला. मराठीला देणगी अशी, की ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचं तर आम्ही, आत घ्यायचं तर आपण. इंग्रजीला एकाच शब्दावर भागवावं लागतं. आता पाहा, आपल्या उताऱ्यात पहिली तीन वाक्यं ‘माणूस’, ‘कुणीही’, ‘शास्त्रज्ञ’ यांच्याबद्दल होती, आणि चौथ्यात एकदम ‘आपण आपली’ आलं. वाचणाऱ्याला न विचारता खांद्यावर हात टाकून गटात ओढला. ‘आपण’ काढून ‘आम्ही’ घाला : ‘म्हणून आम्ही आमची श्रद्धा सोडता कामा नये.’ वाक्य लगेच लहान होतं. ते एका गटाचं स्वतःपुरतं ठरवणं उरतं, आणि त्याला माझी काही हरकत नाही.

उलटी चाल ‘मानलं जातं’, ‘समजलं जातं’, ‘पाळलं जातं’ ही. कोण मानतं? समासात ‘कोण?’ लिहा. उत्तर पुढच्या दोन पानांत मिळालं नाही तर बहुतेक वेळा ‘मी’ असं असतं.

नाम बदलून पाहायची कसोटी किती लांब जाऊ शकते त्याचं मी पाहिलेलं सगळ्यात धाडसी उदाहरण फ्रान्सचं. १७८९ च्या जाहीरनाम्यात ‘मनुष्य आणि नागरिक’ यांचे हक्क सतरा कलमांत मांडले होते. १७९१ मध्ये ओलँप द गूज या लेखिकेने तीच सतरा कलमं घेतली आणि त्यांत स्त्री आणि नागरिका घालून पुन्हा लिहिली. स्त्रीला फाशीच्या फळीवर चढायचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे, असं तिने त्यात घातलं. ‘मनुष्य’ शब्दात सगळे येतात असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यापुढे तिने तो शब्द उघडून ठेवला. १७९३ मध्ये तिला गिलोटिनवर चढवलं. फ्रान्समधल्या बायकांना मताचा हक्क मिळायला १९४४ उजाडलं. तुम्ही हे करायचं ते एवढंच : ‘माणूस’, ‘समाज’, ‘जनता’ हे शब्द आले की त्या जागी एखादा असा गट घाला जो लेखकाच्या डोळ्यांपुढे बहुधा नसावा, आणि वाक्य तग धरतं का पाहा.

ता, त्व, पणा

भाववाचक नामांचं थोडक्यात सांगते. नामाला किंवा विशेषणाला ‘ता’, ‘त्व’, ‘पणा’ लावला की एक वस्तू तयार होते, आणि वस्तू म्हटली की ती कुठे असते, कधी सुरू झाली, कुणाची, असले प्रश्न निघतात. गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९ मध्ये दिलेलं उदाहरण असं : पाहुण्याला महाविद्यालयं, ग्रंथालय, मैदानं सगळं दाखवलं, आणि तो विचारतो, ठीक आहे, पण विद्यापीठ कुठे आहे? त्याच्या कितीतरी आधी मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन भिक्खूने राजा मिलिंदाला, म्हणजे ग्रीक मिनँडरला, विचारलं होतं : महाराज, आपण रथातून आलात ना? मग आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? त्यांतलं काहीच रथ नव्हे, तरी रथ हा शब्द खोटा नाही. ‘नागसेन’ हे नावही तसंच.

उपाय सोपा आहे. नाम मोडून क्रियापद करा. ‘समाजातील असहिष्णुतेची वाढ’ असं असेल तर कोण, कुणाचं, काय सहन करेनासा झाला ते लिहा. लिहिता आलं तर वाक्यात जीव आहे.

आणि कधी प्रश्नच मोडावा लागतो. वच्छगोत्त परिव्राजक बुद्धाला विचारतो, मुक्त झालेला माणूस मेल्यावर कुठे जन्मतो? बुद्ध विचारतो, विझलेली आग कुठल्या दिशेला गेली, पूर्वेला की पश्चिमेला? ‘गेली’ हे क्रियापद आगीला लावता येतं म्हणून दिशा विचारता येते असं नाही.

दुसऱ्या भाषेतून आलेला शब्द

धर्मावरचं जवळजवळ सगळं वाचन भाषांतरातलं असतं, हे विसरायला होतं. कंदाहारला १९५८ मध्ये अशोकाचा एक शिलालेख सापडला, ग्रीक आणि अरेमाइक अशा दोन भाषांतला, इसवी सनापूर्वी २६० च्या सुमाराचा. त्यात ‘धम्म’साठी ग्रीक शब्द आहे ‘युसेबिया’, म्हणजे देवाधिकांविषयी, वडीलधाऱ्यांविषयी योग्य आदर. वाईट भाषांतर नाही. पण ‘युसेबिया’ वाचणाऱ्या ग्रीकाच्या मनात जे उमटलं असेल ते ‘धम्म’ ऐकणाऱ्याच्या मनात उमटलेलं नव्हे. पुढे ‘धर्म’साठी ‘रिलिजन’ आलं आणि मग ‘रिलिजन’वरची टीका धर्माला आणि धर्माचा बचाव ‘रिलिजन’ला लागू लागला. डॉ. आंबेडकरांनी बुद्धावर इंग्रजीत लिहितानाही ‘धम्म’ तसाच ठेवला आणि तो ‘रिलिजन’पासून कसा वेगळा हे मुद्दाम मांडलं. प्रुफात असा परका शब्द दिसला की बदलायचा मोह होतो. मी आता बदलत नाही.

एका अक्षराने काय होतं ते ख्रिस्ती इतिहासात पाहा. ३२५ मध्ये निकेआच्या परिषदेने पुत्र, म्हणजे येशू, हा पित्याशी, म्हणजे देवाशी, ‘होमोऊसिओस’, एकाच तत्त्वाचा, असं ठरवलं. त्याच शतकात पुढे एक पक्ष ‘होमोइऊसिओस’, सारख्या तत्त्वाचा, असं म्हणू लागला. फरक ग्रीकमधल्या आयोटा या सगळ्यात बारीक अक्षराचा. एवढ्याशा अक्षरावरून भांडले म्हणून त्यांना हसणारे पुष्कळ झाले. मी हसत नाही. ‘तोच’ आणि ‘तसाच’ यांत किती अंतर आहे ते ‘हे पैसे तुझेच’ आणि ‘हे पैसे तुझ्यासारखेच’ असं म्हणून बघा.

मात्र भाषा विचाराला कायमची बांधते, असं लगेच म्हणू नका. हा मोह जुना आहे. दहाव्या शतकात बगदादला व्याकरणकार सिराफीने तर्कशास्त्रज्ञ मत्ताला भर दरबारात सुनावलं, की तुमचं तर्कशास्त्र म्हणजे ग्रीकांचं व्याकरण, ते अरबांना कशाला? १९५८ मध्ये बेनव्हेनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने ॲरिस्टॉटलचे दहा पदार्थ, म्हणजे कशाहीबद्दल जे म्हणता येतं त्याचे त्याने केलेले दहा वर्ग, हे ग्रीक व्याकरणाचेच प्रकार आहेत असं दाखवायचा प्रयत्न केला. यात तथ्य आहे. पण होपी या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत काळाची कल्पनाच नाही, हे भाषाशास्त्रज्ञ व्होर्फचं म्हणणं विसाव्या शतकात सगळीकडे पसरलं, आणि १९८३ मध्ये माल्टोकी नव्हे, माल्योत्कीही नव्हे, मालोत्की नावाच्या अभ्यासकाने होपीतले काळाचे शब्दप्रयोग सहाशेहून जास्त पानांत मांडून ते निकालात काढलं. (त्या नावाचं प्रूफ मला तीनदा वाचावं लागलं होतं.) ‘त्यांच्याकडे यासाठी शब्दच नाही, म्हणजे ती कल्पनाच नाही’ असं कुठे वाचलंत तर दुहेरी रेघ माराच.

आपल्या बाजूचा उतारा

आतापर्यंत श्रद्धेच्या बाजूचा उतारा फाडला. तुम्हाला मजा आली असेल तर आता हा घ्या :

‘श्रद्धा म्हणजे पुराव्याशिवाय ठेवलेला विश्वास. विचारी माणूस पुराव्याशिवाय विश्वास ठेवत नाही. म्हणून श्रद्धाळू माणूस विचारी असूच शकत नाही.’

इथे ‘म्हणून’ अगदी ठाकठीक आहे. सगळी गोम पहिल्या वाक्यात आहे : व्याख्या म्हणून जे घातलं तोच निष्कर्ष होता. शिवाय दुसरं वाक्य ‘कुठल्याच बाबतीत ठेवत नाही’ असं वाचायचं की ‘बहुधा ठेवत नाही’ असं? ‘असूच’मधल्या ‘च’ला पहिलं वाचन लागतं, आणि ते घेतलं तर जगात एकही विचारी माणूस उरत नाही. ज्या बाजूचं आपल्याला पटतं तिथे पेन्सिल जड होते. म्हणून मी पहिली खूण नेहमी तिथूनच सुरू करते.

शेवटी एक काम उरतं, आणि ते केलं नाही तर बाकीचं नुसतं खोडसाळपण आहे. खुणा केलेला उतारा लेखकाच्या बाजूने पुन्हा लिहायचा, त्याला मनापासून म्हणायचं असेल ते जास्तीत जास्त भक्कम करून. माझ्या पहिल्या उताऱ्याचं असं झालं : ‘कुठलाही शोध काहीतरी गृहीत धरून सुरू होतो. विज्ञानही त्याला अपवाद नाही. तेव्हा एखाद्या धर्माने काही गृहीत धरलंय एवढ्यावरून तो त्याज्य ठरत नाही. ते गृहीत कोणतं आणि ते तपासायला तो तयार आहे का, हे पाहावं लागेल.’ दावा चांगलाच आकसला. पण याच्याशी आता बोलता येतं, मला तर तो बराचसा पटतोही.

सगळ्याच मजकुराला हे करू नका. प्रार्थना, शपथ, शोकसभेतलं भाषण, अभंग यांच्यावर दुहेरी रेघा ओढणं म्हणजे पावसाला पावती मागणं. आणि माणसाशी बोलताना आधी बघा तो काय करतोय. न्यायसूत्रांनी तीन प्रकार सांगितलेत : खरं काय ते शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची पाडायला करतात ती वितंडा. वितंडेला पेन्सिल चालत नाही. मी उठून कामाला लागते.

हा मजकूर देण्याआधी मी माझ्याच खुणा त्यावर केल्या. ‘अर्थातच’ चार ठिकाणी होता, चारही काढले. ‘मुळात’ दोनदा. एका ठिकाणी ‘वाचकांना हे माहीतच असतं’ असं लिहिलं होतं, समासात ‘कोण?’ लिहिलं आणि उत्तर ‘मी’ असं आलं, ते वाक्य गेलं. ‘पण’ मात्र फार आहेत. त्यांच्याखाली ठिपके दिलेत.